टाकीत हवा सोडणारा बारा इंची ब्लोअर: पाटीवरचा आकडा आणि तळाशी पोहोचणारी हवा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना टॉवेल आणि चादरींचे कारखाने नजरेस पडतात. त्यांच्या आवारात जमिनीखाली असलेले हौद, संप (पाणी साठवण्याचे खड्डे), सांडपाण्याची चेंबरे आणि ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेच्या, टाक्या मात्र गाळ काढायची वेळ आली म्हणजेच कोणाला आठवतात. अशा बंदिस्त जागांतील गाळ काढणे, आतून प्लास्टर करणे, गळती थांबवणे आणि गंजलेले व्हॉल्व्ह बदलणे ही आमच्या छोट्या कंत्राटी व्यवसायातील नेहमीची कामे आहेत आणि आत उतरणाऱ्या माणसाला शुद्ध हवा मिळावी म्हणून गेली काही वर्षे आम्ही १२ इंची पोर्टेबल ब्लोअर वापरत आहोत. हे परीक्षण त्या ब्लोअरचे आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या नळीचे आहे. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसणारे हे यंत्र बाजारात निरनिराळ्या पाट्या लावून मिळते आणि पुढे सांगितलेले गुणदोष त्या जातीच्या बहुतेक यंत्रांना सारखेच लागू पडतात.

यंत्राची रचना साधी आहे. पत्र्याचे गोल नळकांडे, दोन्ही तोंडांना जाळी, मधोमध मोटर, मोटरच्या दांड्यावर थेट बसवलेला पंखा, वर धरायला मूठ आणि खाली रबरी पाय, एवढेच त्याचे अंग आहे. सिंगल फेज, २२० व्होल्ट, ५२० वॅट, मिनिटाला २,८०० फेरे आणि मिनिटाला ६५ घनमीटर हवा असे पाटीवर लिहिलेले आहे. हाच शेवटचा आकडा दुकानदार सुमारे २,३०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट, असा सांगतात. एक माणूस ते उचलून टाकीपाशी नेऊ शकतो, साध्या प्लगवर ते चालते आणि सुरू केल्याबरोबर पूर्ण वेग घेते. या तिन्ही बाबतींत तक्रारीला जागा नाही. नळी पीव्हीसीचा थर दिलेल्या कापडाची असून तिच्या आत तारेची सर्पिल कडी असते. ती दाबली की चपटी होते आणि ओढली की पाच किंवा दहा मीटर लांब होते.

खरेदी करणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणे त्या ६५ घनमीटरांवर जाते आणि फसगतीची सुरुवात तेथूनच होते. तो आकडा खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही. तो नळी न जोडता, पुढे-मागे कोणताही अडथळा नसताना मिळणाऱ्या हवेचा असतो. टाकीच्या तळाशी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला त्यातील किती येते याविषयी पाटी काहीच सांगत नाही. वाऱ्याचा वेग मोजण्याचे हातातले अॅनिमोमीटर आता फार महाग राहिलेले नाही. ते यंत्राच्या तोंडाशी निरनिराळ्या ठिकाणी धरून सरासरी काढली, तेव्हा नळीविना आमच्या यंत्राचा वेग सेकंदाला १३ मीटरच्या आसपास भरला. म्हणजे मिनिटाला सुमारे ५५ घनमीटर. दहा मीटरची नळी पूर्ण ताणून सरळ ठेवली, तेव्हा दुसऱ्या टोकाला तोच वेग ९ मीटरवर आला, म्हणजे हवा सुमारे ३८ घनमीटर झाली. तीच नळी प्रत्यक्ष कामावर असते तशी, अर्धवट सैल आणि चेंबरच्या कडेवर एक व तळाशी एक अशी दोन काटकोनी वळणे देऊन ठेवली, तेव्हा वेग साडेसहा मीटरपर्यंत घसरला. त्याचा हिशेब मिनिटाला २८ घनमीटरांपेक्षाही किंचित कमी होतो. साध्या उपकरणाने घेतलेली ही मोजमापे प्रयोगशाळेच्या तोडीची नाहीत. परंतु पाटीवर लिहिलेल्या हवेच्या निम्म्याहूनही कमी हवा तळाशी पोहोचते हे कळण्यास ती पुरेशी आहेत.

या घसरणीचे कारण यंत्राच्या जातीतच आहे. हा सरळ वाहाचा पंखा आहे; देव्हाऱ्यापासून दुकानापर्यंत सगळीकडे दिसणारा टेबल फॅन ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर तो चालतो. मोकळ्या जागेत तो भरपूर हवा देतो, पण पुढे दाब वाढला की लगेच माघार घेतो. शंखाकृती घराचा, हवा मध्यातून घेऊन कडेने फेकणारा सेंट्रिफ्युगल ब्लोअर त्याच विजेत कमी हवा देतो, मात्र लांब नळी आणि वळणे यांना तो अधिक चिवटपणे तोंड देतो. नळी दहा मीटरांच्या पुढे न्यावी लागणार असेल, तर बारा इंची सरळ पंखा घेऊन त्याला नळीमागून नळी जोडण्यापेक्षा दुसऱ्या जातीचे यंत्र पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हवेच्या या तुटीचा परिणाम थेट वेळेवर होतो. माणूस उतरवण्यापूर्वी टाकी किती वेळ धुवायची, म्हणजे हवेने धुवायची, यासाठी अमेरिकेत टेलिफोन केबलच्या भूमिगत चेंबरांच्या कामातून रूढ झालेले एक जुने सूत्र आहे: टाकीचे आकारमान साडेसातने गुणावे आणि मिनिटाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या हवेने भागावे, जे उत्तर येईल तितकी मिनिटे ब्लोअर चालवावा. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशी टाकी घेतली, तर तिचे आकारमान ३६ घनमीटर होते. पाटीवरचे ६५ घनमीटर धरून हिशेब केला तर चार मिनिटांत काम संपते. नळी वळणे घेऊन गेलेली असताना मिळणारी खरी हवा धरली तर दहा मिनिटे लागतात. सहा मिनिटांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण ज्या मुकादमाला चार मिनिटे सांगितलेली असतात, तो पाचव्या मिनिटाला माणूस शिडीवर चढवतो. शिवाय हे सूत्र टाकीत हवा सगळीकडे नीट मिसळते असे गृहीत धरते. आडव्या भिंती, कोपरे आणि खांब असलेल्या हौदांत तसे घडत नाही, म्हणून आम्ही हिशेबाने आलेला वेळ दुप्पट धरतो आणि त्यानंतरही निर्णय घड्याळावर न सोडता वायू मोजणाऱ्या मीटरवर सोडतो.

नळी कशी टाकायची, यावर यंत्राची अर्धी उपयुक्तता अवलंबून आहे आणि यंत्राबरोबर येणाऱ्या चिठोऱ्यात त्याविषयी एक अक्षरही नाही. ब्लोअर टाकीच्या तोंडापासून निदान दीड मीटर दूर आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला ठेवावा लागतो, नाहीतर आतून बाहेर पडलेली दूषित हवाच तो पुन्हा ओढून आत सोडतो. नळीचे टोक तळापासून फूट-दीड फुटावर आणि शक्य तितके तोंडापासून दूरच्या कोपऱ्यात हवे. गाळातून सुटणारा विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा सुमारे १.२ पट जड असतो आणि गाळाच्या अंगालाच पसरून राहतो, त्यामुळे नळी अर्ध्यावर लोंबकळत ठेवली तर वरची चांगली हवा ढवळली जाते आणि तळचा वायू जागचा हलत नाही. त्यातही टोक आणि तोंड जवळजवळ असतील, तर आत गेलेली हवा लगेच वर येते आणि पलीकडचा अर्धा हौद तसाच राहतो. पाहणाऱ्याला मात्र तोंडातून जोरात वारा येताना दिसतो आणि सगळे ठीक चालले आहे असा त्याचा समज होतो. टाकीला दुसरे झाकण असल्यास ते उघडून हवा एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर अशी वाट करून दिली, तर निम्म्या कष्टात दुप्पट फळ मिळते.

हेच यंत्र उलट बाजूने नळी लावून हवा ओढण्यासाठीही वापरता येते, असे विक्रेते मोठ्या उत्साहाने सांगतात. ते खरे आहे, पण त्याचा उपयोग मर्यादित आहे. दिवा फुंकून विझवता येतो, श्वास आत ओढून विझवता येत नाही. सोडलेल्या हवेचा झोत नळीच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरही मूळ वेगाचा दहावा हिस्सा टिकवून असतो, तर ओढताना तोच दहावा हिस्सा एका व्यासाइतक्या अंतरावरच उरतो. बारा इंची नळीच्या भाषेत सांगायचे, तर एकीकडे तीस फूट आणि दुसरीकडे एक फूट. म्हणून गाळाच्या टाकीत आम्ही नेहमी हवा आत सोडतो. वेल्डिंगचे काम असेल आणि धूर एकाच जागी निघत असेल, तेव्हा नळीचे तोंड त्या जागेला अगदी भिडवून ओढणे सोयीचे पडते. अशा वेळी बाहेरची ताजी हवा आत येण्याची वाट मोकळी आहे ना, हे पाहावे लागते.

आता आकाराचा प्रश्न. आमच्याकडे ८ इंची ब्लोअरही आहे. त्याची पाटी मिनिटाला २५ घनमीटर सांगते, म्हणजे कागदावर तो बारा इंचीच्या निम्माही नाही. तरीसुद्धा मॅनहोलच्या कामाला आम्ही तोच नेतो. मॅनहोलचे तोंड दोन फुटांच्या आतबाहेर असते. त्यात एक फुटाची नळी सोडली की कंबरेला पट्टा आणि छातीला दोरीचा कडा असलेला माणूस आत जाताना नळीला घासून, तिला चेपून जातो. आणि त्याला तातडीने वर ओढायची वेळ आली, तर आधी नळी काढावी लागते. ज्या क्षणी एकेक सेकंद मोलाचा असतो त्या क्षणी वाटेत अडकलेली नळी ही यंत्राची मोठी उणीव ठरते. तोंडाच्या कडेला चिकटून जाणारा चपटा, अर्धचंद्राकृती जोडतुकडा यावर उत्तम तोड आहे, परंतु सोलापूरच्या बाजारात तो तयार मिळाला नाही आणि आम्ही पत्र्याचे काम करणाऱ्याकडून करवून घेतला. उत्पादकाने तो खोक्यातच द्यायला हवा. मोठ्या झाकणाच्या टाक्या, संप आणि ईटीपीचे हौद यांसाठी बारा इंची. दोन फुटी तोंडासाठी आठ इंची, अशी आमची वाटणी आहे.

टॉवेलच्या कारखान्यांतील टाक्यांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या शहरात ब्लोअरची खरी परीक्षा तेथेच होते. रिअॅक्टिव्ह रंग सुतावर बसवण्यासाठी मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, मोठ्या प्रमाणावर वापरले जाते आणि ते सांडपाण्याबरोबर हौदात येते. हौदाच्या तळाशी गाळ साचून तेथे हवा पोहोचेनाशी झाली की विशिष्ट जिवाणू त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करू लागतात. गंधकी रंगांसाठी सोडियम सल्फाइड वापरले जात असेल आणि त्याच नाल्यात आम्ल येऊन मिळाले, तर जिवाणूंचीही गरज पडत नाही. तो वायू तेथल्या तेथे सुटतो. त्यातील बराचसा भाग गाळात कोंडलेला असतो. टाकी शांत असताना वर सोडलेले मीटर शून्य दाखवते, माणूस उतरतो, पहिले फावडे मारतो आणि कोंडलेला वायू एकदम मोकळा होतो. म्हणूनच ब्लोअर आधी चालवून मग बंद करण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी दिसते, ती काहीच न करण्याइतकी धोक्याची आहे. शेवटचा माणूस वर येऊन झाकण बसेपर्यंत हवा चालू राहिली पाहिजे आणि मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर असले पाहिजे.

येथे वासाचा विषय निघतोच. “साहेब, मघाशी लई वास येत होता, आता गेलाय बघा, उतरू का?” असे अनुभवी मुकादमही विचारतात आणि प्रत्येक वेळी “थांबा अण्णा, आधी मीटर सोडू,” एवढेच उत्तर द्यावे लागते. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा वास अत्यल्प प्रमाणातही येतो. पण प्रमाण १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, घरात गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास जाणे म्हणजे वायू गेला, किंवा वायू फार वाढला, या दोहोंपैकी काहीही असू शकते. चार वायूंचे (हायड्रोजन सल्फाइड, ऑक्सिजन, ज्वलनशील वायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे) मीटर सामान्यतः हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमला, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली किंवा २३.५ टक्क्यांवर गेल्यास आणि ज्वलनशील वायू किमान स्फोटमर्यादेच्या (ज्या प्रमाणाला तो पेट घेऊ शकतो त्याच्या) १० टक्क्यांना पोहोचल्यास वाजते. हे मीटर ब्लोअरपेक्षा दोन-तीन पट महाग पडते आणि म्हणूनच गिऱ्हाईक ब्लोअर घेऊन मीटर पुढच्या वर्षावर ढकलते. दोहोंपैकी एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील, तर काम मीटर असलेल्या दुसऱ्याला द्यावे, असे आम्ही विचारणाऱ्यांना सांगतो. नुसता ब्लोअर घ्या असे सांगण्याचे धाडस आम्हाला होत नाही.

मीटरलाही एक आंधळी बाजू आहे आणि ती साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात लक्षात ठेवण्यासारखी आहे. मळी साठवलेल्या टाकीत किंवा आंबवणीच्या हौदात कार्बन डायऑक्साइड साचतो. साधे चार वायूंचे मीटर तो मोजतच नाही. तो हवेला बाजूला सारतो, त्यामुळे ऑक्सिजनचा आकडा थोडासा उतरतो. पण हवेत ऑक्सिजन एकपंचमांशच असल्यामुळे तो २०.९ वरून २० वर आला याचा अर्थ चार टक्क्यांहून अधिक जागा दुसऱ्या वायूने घेतली आहे असा होतो. चार टक्के कार्बन डायऑक्साइड हे जिवाला तत्काळ धोका मानले जाणारे प्रमाण आहे आणि तेव्हाही मीटर गप्प असते, कारण २० हा आकडा १९.५ च्या वर आहे. अशा टाकीत ब्लोअर चालवून ऑक्सिजन पूर्ण २०.९ वर आणल्याशिवाय कोणालाही आत पाठवू नये. या कामात बारा इंची यंत्राने आमची साथ चांगली दिली, कारण मळीच्या टाक्यांची झाकणे मोठी असतात आणि नळी सरळ सोडता येते. ऑक्सिजन कमी आहे म्हणून सिलिंडरमधला ऑक्सिजन टाकीत सोडण्याची कल्पना कोणी सुचवली, तर ती तेथेच मोडून काढावी; ऑक्सिजन वाढलेल्या जागेत साधी ठिणगीही कपड्यांना भडका लावते.

विजेच्या बाबतीत हे यंत्र नेहमी जमिनीवर, टाकीबाहेर राहायला हवे आणि आत फक्त नळी जायला हवी. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३६-अ ने बंदिस्त जागेत २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा हातदिवा किंवा इतर उपकरण पुरेशा सुरक्षा साधनांवाचून वापरण्यास मनाई करून जो दंडक घातला, त्यामागचे कारण ओल्या टाकीत एकदा उभे राहिलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. यंत्राबरोबर येणारी वायर तोकडी आहे आणि तिचे आवरण पातळ आहे. आम्ही ती बदलून तीन तारांची जाड रबरी वायर लावली आणि वरच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर बसवला. वीज गेल्यावर जनरेटर लावावा लागतो. ५२० वॅटची मोटर सुरू होताना कैक पट प्रवाह ओढते, त्यामुळे अगदी छोटा जनरेटर धापा टाकतो, पण दोन केव्हीएचा पुरतो. मात्र जनरेटर ब्लोअरच्या पाठीमागे उभा केला, तर त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आपणच नळीवाटे माणसाच्या तोंडाशी पोहोचवतो. गाडीचे इंजिन चालू ठेवून शेजारी उभे राहणाऱ्या चालकाबाबतही हेच लागू होते.

या यंत्राची सर्वांत गंभीर मर्यादा अशी, की ते ज्वालारोधक नाही. मोटर आणि बटण दोन्ही साधी आहेत आणि त्यांतून ठिणगी उडू शकते. हवा आत सोडताना मोटरमधून स्वच्छ हवा जाते, म्हणून धोका कमी असतो. पण टाकीतला वायू ओढण्यासाठी ते लावले, तर तो वायू थेट मोटरवरून जातो. मिथेन हवेत ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. थिनर असलेला रंग किंवा इपॉक्सीचा थर देण्याचे काम, आसवनीतील मद्यार्काच्या टाक्या आणि पेट्रोल-डिझेलची साठवण येथे या यंत्राला जागा नाही; तेथे पेसोची, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची, मान्यता असलेला ज्वालारोधक ब्लोअर आणि स्थितविद्युत साचू न देणारी, जमिनीशी जोडलेली नळीच हवी. तो ब्लोअर कित्येक पट महाग असतो. एका दुकानात “फ्लेमप्रूफच आहे, काळजी करू नका” असे सांगून हेच साधे यंत्र दाखवण्यात आले, म्हणून नावावर न जाता पाटीवर प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का, हे स्वतः पाहावे.

सोलापूरच्या उन्हाळ्याने या यंत्राची जी कसोटी घेतली, तिचा उल्लेख परीक्षणात आला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ब्लोअर बाहेरची तीच भाजणारी हवा आत ढकलतो आणि कामगार कुरकुरतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. हवा शुद्ध असली तरी ती थंड नसते. भर दुपारी सलग चालवल्यावर मोटर तापल्यावर वीज तोडणारा थर्मल कट-आउट पडून यंत्र आपोआप बंद पडण्याचा प्रकारही घडला. माणूस आत असताना हवा थांबणे म्हणजे काम थांबवून त्याला लगेच वर घेणे, एवढाच त्याचा अर्थ असतो. त्यानंतर आम्ही यंत्रावर ताडपत्रीची सावली धरू लागलो, उतरण्याची वेळ सकाळी लवकर ठेवली आणि मोठ्या कामावर दुसरा ब्लोअर जोडून तयार ठेवू लागलो. आवाजही बराच आहे. शेजारी उभे राहून बोलायचे तर ओरडावे लागते आणि खालून मारलेली हाक वर ऐकू येत नाही, त्यामुळे दोरीच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्या लागतात.

विहिरींसाठी हा ब्लोअर चालेल का, अशी विचारणा मोहोळ, बार्शी, अक्कलकोट या बाजूंनी वारंवार होते. विहिरीत वायू आहे की नाही हे पाहण्यासाठी कंदील सोडण्याची आणि हवा हलवण्यासाठी पालेदार फांदी खालीवर करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कंदील विझला तर ऑक्सिजन फारच कमी आहे एवढे कळते. तो न विझणे हा मात्र कशाचाच पुरावा नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड ज्योतीला न हलवता माणसाला मारू शकतात. ब्लोअर फांदीपेक्षा निश्चितच चांगला, पण आकडे पाहिले पाहिजेत. आठ मीटर व्यासाची आणि बारा मीटर खोल विहीर म्हणजे सुमारे ६०० घनमीटर. बारा इंची यंत्राला लांब नळी लावून ती धुवायला दोन तासांहून अधिक वेळ लागेल. विहिरीचे तोंड उघडे असल्यामुळे बंद टाकीचे सूत्र तिला तंतोतंत लागू होत नाही हे खरे. तरी एवढे नक्की, की काळ्या खडकात सुरुंग उडवल्यानंतर किंवा आत टप्प्यावर डिझेल इंजिन चालवल्यानंतर लगेच माणूस उतरवण्याचे समर्थन या यंत्राच्या भरवशावर करता येणार नाही. इंजिन विहिरीत न उतरवणे हाच तेथे खरा उपाय आहे.

सांडपाण्याच्या सार्वजनिक गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्याचा प्रश्न वेगळा आहे. हाताने मैला उचलण्यास मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई करवून घेणे गुन्हा ठरवले आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. ब्लोअर आणला म्हणून ते काम कायदेशीर होते, असा समज काही सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांमध्ये आढळला. तेथे सक्शन गाडी बोलवावी. हे यंत्र भाड्याने मागू नये. कारखान्याच्या टाकीतही २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३६ ने सांगितलेला क्रम, म्हणजे सक्षम व्यक्तीने चाचणी करून दिलेला लेखी दाखला, किंवा श्वसनयंत्र आणि कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या दोरीचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात, हा क्रम कोणताही ब्लोअर रद्द करत नाही.

किमतीचे म्हणाल, तर बारा इंची यंत्र आम्हाला दहा हजारांच्या आसपास पडले आणि पाच मीटरची नळी त्याच्या चौथाई किमतीत मिळाली. पैसे वाचवायचेच असतील तर यंत्रात वाचवावे, नळीत वाचवू नयेत. स्वस्त नळीचे कापड चेंबरच्या सिमेंटच्या धारेवर घासून पहिल्याच हंगामात फाटते, तारेची कडी वाकली की नळी त्या जागी कायमची चेपते आणि हवा तेथेच अडते. यंत्राला नळी बांधण्यासाठी दिलेला पट्टा प्लास्टिकच्या बकलाचा होता. त्याऐवजी आम्ही स्टीलचा क्लॅम्प लावला. झाकणाच्या कडेवर जुन्या टायरचा तुकडा टाकून त्यावरून नळी सोडली, तर घासणेही थांबते आणि काटकोनी वळण गोल होऊन हवाही थोडी वाढते. काम संपल्यावर नळी धुऊन उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय गुंडाळू नये. ओली ठेवलेली नळी पुढच्या कामाच्या वेळी कुबट वास देते आणि तो वास टाकीचा की नळीचा, हा घोळ नको त्या वेळी उभा राहतो. गोदामात ती जमिनीवर ठेवली तर उंदीर कुरतडतात, म्हणून खुंटीला टांगावी.

विक्रीनंतरच्या सेवेविषयी सांगण्यासारखे फार नाही, कारण ती जवळपास नाहीच. आमच्या यंत्राचा कपॅसिटर गेला, तेव्हा विक्रेत्याने ते कुरियरने परत पाठवायला सांगितले. त्याची गरज पडली नाही. शेतीपंपांच्या मोटरी भरणाऱ्या कारागिराने तो तासाभरात बदलून दिला आणि बेअरिंगलाही ग्रीस भरून दिले. साधी सिंगल फेज मोटर असण्याचा हा फायदा मोठा आहे. पंख्याची पाती मात्र सुटी मिळत नाहीत, त्यामुळे जाळीचे स्क्रू ढिले झालेले दिसले तर यंत्र सुरू करू नये. घेताना दुकानातच पाच मीटरची नळी लावून ते दहा मिनिटे चालवून पाहावे, देह थरथरतो का ते हाताने तपासावे आणि शक्य असल्यास वारा मोजण्याचे उपकरण बरोबर न्यावे. नळीच्या टोकाशी मोजून दाखवू न देणाऱ्या दुकानात आम्ही पुन्हा गेलो नाही.